कॅपिटल, मतांच्या पेट्या आणि न लागलेली पाटी

अमेरिकेच्या ट्रिपबद्दल लिहा लिहा म्हणून ओळखीचे सगळे मागे लागलेत. न्यूयॉर्क बघितलं, नायगाराला भिजलो, मुलीच्या व्हर्जिनियातल्या घरी भरपूर आराम केला आणि जावयांनी इतकं केलं की परत यायला जीवावर आलं होतं. ते सगळं छानच. पण मला लिहायचंय ते वॉशिंग्टनच्या कॅपिटलबद्दल, म्हणजे त्यांच्या संसदेबद्दल, कारण तिथून आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आणि मास्तर-बाई म्हटलं की निवडणूक ड्युटी आलीच. पेटीचा काळ पण बघितला आणि मशीनचा पण. मतदान संपलं की पेटीला सील करायचं, लाख लावायची, पोलिंग एजंटांच्या सह्या घ्यायच्या, मग रात्री तालुक्याला जाऊन साहित्य जमा करायच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, भूक लागलेली असायची, पाय सुजलेले असायचे, तरी पावती हातात पडेपर्यंत पेटीजवळून हलायचं नाही. आम्हाला कोणी शूर वगैरे म्हणत नव्हतं, काम होतं ते. त्यामुळे ७ जानेवारी २०२१ ला सकाळी टीव्ही लावला आणि वॉशिंग्टनची ती दृश्यं बघितली (तिकडे ६ जानेवारीच्या दुपारी, संसदेत अध्यक्षपदाच्या मतांची मोजणी चालू असताना, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव कॅपिटलमध्ये घुसला होता), तेव्हा सगळे जमावातल्या त्या शिंगंवाल्या माणसाबद्दल बोलत होते पण माझं लक्ष गेलं पेट्यांकडे. प्रत्येक राज्याच्या मतांची प्रमाणपत्रं लाकडी पेट्यांत होती, चामड्याचे पट्टे लावलेल्या जुन्या धाटणीच्या पेट्या, आणि जमाव आत घुसला तेव्हा सिनेटच्या, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहाच्या, कर्मचाऱ्यांनी त्या पेट्या उचलून बरोबर नेल्या. आपला जीव वाचवायच्या गडबडीत त्यांना पेट्या आठवल्या! मला तेव्हाच रडू आलं होतं, घरच्यांना कळेना काय झालं ते.

म्हणून २०२५ च्या जूनमध्ये मुलगी म्हणाली की आई वॉशिंग्टनमध्ये काय काय बघायचंय, तर मी म्हटलं बाकी तू ठरव, मला कॅपिटल बघायचंय आणि घाई करायची नाही.

आम्ही मॉलकडून चालत गेलो. मॉल म्हणजे दुकानांचा नाही, दोन्ही बाजूंना म्युझियमं असलेली ती लांबच लांब हिरवळ. उकाडा असा की मुंबईची आठवण यावी, सावली नाही, आणि नातवाला विमानांच्या म्युझियममधून बाहेर काढताना जे काही रामायण झालं त्यात अर्धा दिवस गेला. पण कॅपिटलच्या पायथ्याशी, पश्चिमेच्या बाजूला, एका चौकात एक पांढरं संगमरवरी स्मारक आहे, त्याचं नाव पीस मॉन्युमेंट. तिथे मी थांबले ते थांबलेच.

यादवी युद्धात समुद्रावर मेलेल्या नौसैनिकांसाठी १८७० च्या दशकात उभारलेलं आहे ते. वर दोन बायका आहेत. एक म्हणजे शोक, तिने तोंड झाकून दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलंय, आणि ती दुसरी म्हणजे इतिहास, तिच्या हातात पाटी आहे. पाटीवर लिहिलंय की आपला देश जगावा म्हणून ते मेले. ऊन-पावसाने दगड झिजलाय, तरी त्या रडणाऱ्या बाईचे खांदे बघून वाटतं की आत्ताच कोणीतरी तिला बातमी सांगितली असावी. आणि नेमकं याच चौकाजवळ ६ जानेवारीला दुपारी १२:५३ च्या सुमारास पहिलं बॅरिकेड पाडलं. तिकडे व्हाइट हाऊसजवळच्या मैदानात हरलेल्या अध्यक्षांचं भाषण अजून संपलं पण नव्हतं. इथे लोखंडी रॅकसारख्या त्या कठड्यांमागे मोजकेच पोलीस होते, त्यांत कॅरोलिन एडवर्ड्स नावाची एक मुलगी होती, धक्काबुक्कीत तिचं डोकं पायरीवर आपटलं, ती बेशुद्ध झाली, शुद्धीवर आली आणि परत मागच्या बाजूला जाऊन कामाला लागली. आमच्याबरोबर केंद्रावर बंदोबस्ताला यायचा तो एखादाच पोलीस किंवा होमगार्ड, त्याच्या जिवावर आम्ही निर्धास्त असायचो. इथे हजारो लोक अंगावर आल्यावर त्या मुलीला काय वाटलं असेल याचाच विचार मी करत होते.

तिथून वर बघितलं की घुमटाखाली एक कमान दिसते. तो बोगदा. नवा अध्यक्ष शपथ घ्यायला आतून बाहेर येतो तो इथूनच, आणि त्या दिवशी सगळ्यात भयंकर मारामारी झाली तीही इथेच. दोन आठवड्यांनी होणाऱ्या शपथविधीसाठी बाहेर मंच बांधायचं काम चालू होतं, त्याच मंचावर चढून लोक काठ्या, झेंड्यांचे दांडे, पोलिसांकडून हिसकावलेल्या ढाली घेऊन पोलिसांना मारत होते. डॅनियल हॉजेस हा पोलीस दारात चेंगरला, त्याची किंकाळी आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलीय. मायकेल फॅनोनला ओढून गर्दीत नेलं आणि त्याच्यावर शॉक देणारं यंत्र चालवलं. जवळपास १४० पोलीस जखमी झाले. ब्रायन सिकनिक दुसऱ्या दिवशी गेला, आणि नंतरच्या काळात काही जणांनी आत्महत्या केली. जमावातली एक बाईही आत पोलिसाच्या गोळीने गेली, फसवून आणलेली कोणाची तरी लेकच ती. त्या गर्दीत एक तिरंगा पण होता हे तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत दाखवलं होतं. आपला झेंडा, १५ ऑगस्टला पोरांकडून सलामी द्यायला शिकवला तो, तिथे काय करत होता? त्याचा राग मला अजून येतो.

आता पाटीचं सांगते. त्या दिवशी इमारत वाचवणाऱ्या पोलिसांच्या सन्मानासाठी पश्चिमेच्या बाजूला एक पाटी लावायची असा कायदा त्यांच्या संसदेने मार्च २०२२ मध्ये केला, वर्षभरात लावा असं त्यात लिहिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती. पाटी नव्हती. मी मुलीला फोनवर दोनदा शोधायला लावलं, मग नातवाला घेऊन त्या भिंतींकडे डोळे फाडून बघत बसले. पाटी लावा म्हणून हॉजेस आणि त्या दिवशी तिथे असलेला हॅरी डन या दोघा पोलिसांनी त्याच महिन्यात कोर्टात केस टाकली असं तिने वाचून दाखवलं. मार खाल्लेल्या माणसांना आपल्या आठवणीसाठी कोर्टात जावं लागलं! आणि ज्यांच्यावर खटले झाले होते त्या सुमारे पंधराशे लोकांना परत अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांच्याकडून २० जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी माफी मिळालेली होती, ज्यांनी पोलिसांना बदडलं त्यांना पण.

आत जायला पूर्वेच्या बाजूने वळसा घालावा लागतो. खायचं-प्यायचं काहीही आत नेऊ देत नाहीत, पाणी सुद्धा नाही, त्यामुळे मुलीने पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर झाडाखाली बसून संपवली, शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाने वास घेऊन विचारलं तर त्यांनाही दिली, आवडली त्यांना. टूर फुकट असते, गाईड पोरगी गोड होती, आणि गर्दी असली तरी धक्काबुक्की कुठे नाही, हे मला फार आवडलं.

मग रोटुंडा, म्हणजे घुमटाखालचं गोल दालन. सगळे माना वर करून छताचं चित्र बघत होते. मी मात्र भिंतीवरच्या एका चित्रासमोर उभी होते, जॉन ट्रम्बलचं आहे, बारा फूट उंच आणि अठरा फूट रुंद. २३ डिसेंबर १७८३, ॲनापोलिस. युद्ध जिंकलेला जॉर्ज वॉशिंग्टन आपलं सेनापतिपदाचं पत्र काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, परत देतोय. सैन्य त्याच्या हातात होतं, मनात आणलं असतं तर राजा झाला असता. त्याच्या मागे एक रिकामी खुर्ची आहे, बाकीच्या खुर्च्यांपेक्षा मोठी, आणि तिच्यावर झगा टाकलाय. सोडून दिलेलं सिंहासन म्हणून चित्रकाराने ती मुद्दाम काढलीय. ६ जानेवारीला जमाव याच दालनातून फिरत होता, जेराल्ड फोर्डच्या पुतळ्याला टोपी घालून हातात झेंडा दिला होता, आणि हे चित्र भिंतीवर होतं. खुर्ची सोडणाऱ्या माणसाचं चित्र! मी नातवाला ती खुर्ची दाखवली आणि आपल्याकडची गोष्ट सांगितली, की १९९९ मध्ये एका मताने, फक्त एका मताने वाजपेयींचं सरकार पडलं आणि ते उठून राजीनामा द्यायला गेले. तो म्हणाला, आजी, पण एकच मत कमी होतं तर परत मोजायला सांगायचं ना. मी म्हटलं सांगायचं, नक्की सांगायचं, कोर्टात पण जायचं. इथेही ट्रम्प यांच्या बाजूने साठाहून जास्त केसेस टाकल्या होत्या आणि जवळपास सगळ्या हरले, मग मात्र हरलो म्हणायचं.

त्याला यूजीन गुडमनची गोष्ट जास्त आवडली. एकटा पोलीस, जिन्यावर मागे पूर्ण झुंड, बाजूलाच सिनेटचं दार, आणि त्याने त्या दाराकडे एक नजर टाकून मुद्दाम उलट्या दिशेला पळ काढला, झुंड त्याच्या मागे गेली. नातू नंतर घरभर तेच खेळत होता.

त्या रात्री मुलीच्या ओळखीतल्या एका मराठी घरी जेवायला होतो. आमरस, पुरी, अळूवडी, इतक्या लांब इतकं निगुतीने केलेलं की मन भरून आलं. पण बोलता बोलता त्या घरचे म्हणाले, "काकू, ते सहा जानेवारी मीडियाने फार फुगवलं हो. झालं गेलं, पाच-सहा तासांचा तर विषय." पाहुणी म्हणून गप्प बसायचं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, अहो, रात्री आठला त्यांच्या संसदेतली माणसं फुटलेल्या काचांतून परत आत येऊन बसली, पेट्या परत आणल्या, आणि पहाटे पावणेचारच्या आसपास मोजणी पूर्ण करूनच उठली, बायडेन ३०६ आणि ट्रम्प २३२. ते केलं नसतं तर? जॉर्जियातल्या रूबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकी मतमोजणीचं काम करत होत्या, त्यांच्यावर मतं घुसडल्याचा खोटा आळ घेतला, धमक्यांमुळे आईला घर सोडून राहावं लागलं, त्या पुढे कोर्टात जिंकल्या पण गेलेली वर्षं कोण देणार? उद्या असा आळ माझ्यावर घेतला असता तर तुम्ही मीडियाने फुगवलं म्हणाला असतात का? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगून ठेवलंय की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते, ते आम्ही दर संविधान दिनाला पोरांना सांगायचो. मुलगी टेबलाखालून पाय दाबत होती. यजमान बिचारे सज्जन, त्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्या मिसेसनी मात्र हळूच सांगितलं की त्या दिवशी त्यांनी भीतीने मुलांना अंगणात पण सोडलं नव्हतं.

परतताना गाडीत मुलीने मला ६ जानेवारी २०२५ चं सांगितलं. बर्फाचं वादळ होतं, आणि कमला हॅरिस, ज्यांची आई आपल्या तमिळनाडूकडची, त्यांनी उपाध्यक्ष म्हणून सभेत उभं राहून स्वतःचाच पराभव वाचून दाखवला, ट्रम्प ३१२ आणि त्या स्वतः २२६, आणि तासाच्या आत सगळं संपलं. कुठे आरडाओरडा नाही. मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं, कारण असं शांतपणे झालेलं काही कोणी लक्षात ठेवत नाही.

तुम्ही जाणार असाल तर टूर आधी ऑनलाइन बुक करा, पाणी बाहेर पिऊन घ्या, आणि थेट पूर्वेच्या दारात उतरू नका. पश्चिमेकडून या, पीस मॉन्युमेंटपाशी दहा मिनिटं थांबा, मग तो बोगदा बघा. बरोबर मुलं असतील तर एडवर्ड्स, हॉजेस, फॅनोन, डन, गुडमन, सिकनिक ही नावं आधी लिहून न्या आणि तिथे उभं राहून मोठ्याने वाचून दाखवा, आम्ही वाचली.