सोयाबीनला हार्वेस्टर लावताना माझा अनुभव

गव्हाला लावलेला हार्वेस्टर तसाच सोयाबीनच्या वावरात घातला की टाकीत डाळच डाळ, म्हणजे फुटलेले दाणे दिसतात. म्हणून पहिलं तास, म्हणजे पहिला पट्टा लावण्याआधी मी ड्रमचे, म्हणजे मळणी करणाऱ्या फिरत्या पिंपाचे फेरे बघतो. गव्हाला ते मिनिटाला हजाराच्या आसपास असतात. सोयाबीनला 450 ते 550 वर आणतो. ड्रम आणि जाळीतलं अंतर पुढून 20, मागून 12 मिलिमीटर. बियाण्यासाठी राखायचं असेल तर फेरे 400. सोयाबीनचं टरफल पातळ, कोंब त्याला लागूनच. वरून साबूत दिसणारा दाणाही मार खाल्लेला असतो आणि जूनमध्ये उगवत नाही.

सकाळचं सेटिंग दुपारी चालत नाही. नऊ वाजता दवानं शेंग चिवट असते, न फुटताच कुटारात, म्हणजे मागं पडणाऱ्या भुशात जाते. तेव्हा फेरे 50नं वाढवतो. दोन वाजता तीच शेंग बोट लावताच फुटते. फेरे परत खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थोडं चालवून टाकीत हात घालायचा. दाण्यात ओलावा 13-14 टक्के असताना काढणी सोपी. 11च्या खाली गेला की ड्रम कितीही हळू करा, डाळ होतेच.

लोक मागच्या चाळणीला दोष देतात, पण माल जास्त सांडतो तो पुढं, कटर बारवर, म्हणजे झाड कापणाऱ्या पात्यांच्या पट्टीवर. मशीन थांबवून चार-पाच मीटर मागं घ्यायचं आणि दोन जागी चौरस फुटातले दाणे मोजायचे: उभ्या पिकात, आणि कापलं गेलंय पण कुटार पडलेलं नाही तिथं. पहिले आपोआप गळालेले, ते वजा करायचे. 100 दाणे 12 ग्रॅम धरले तर फुटात 4 दाणे म्हणजे एकरी 21 किलो!

आकडा मोठा आला की रील, म्हणजे पीक आत ओढणारं पुढचं फिरतं चाक बघतो. मशीन ताशी 4 किलोमीटर चालत असेल तर रीलच्या पट्ट्यांचा वेग 4.5 ते 5 हवा. जास्त झाला तर पट्ट्या शेंगा झोडपतात, कमी झाला तर कापलेलं झाड पुढंच पडतं. झाडं मुळासकट येत असतील तर पाती बोथट झालीत.

कटर बार 6-7 सेंटिमीटरवर. काळ्या मातीत त्याहून खाली नेला की ढेकळं आत जातात, आणि मातकट माल नागपूरच्या कळमना बाजारात लगेच ओळखू येतो. पंख्याला जोर द्यायला घाबरू नये, दाणा जड असतो.

धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची दोन तासं मी विळ्यानंच काढतो. तिथं गाजरगवत हिरवं असतं. त्याचा रस दाण्याला लागला की डाग जात नाही.