धुनेपलीकडचे वॉल्टर कॉफमन

आकाशवाणीची संकेतधून कुणाची, हा प्रश्न निघाला की पंडित रविशंकरांचं नाव हमखास पुढे येतं. त्यांची धून दूरदर्शनची. आकाशवाणीची धून वॉल्टर कॉफमन यांची. बहुतेक ठिकाणी माहिती एवढ्यावरच संपते, आणि शेकडो रागांचा अभ्यास करून ग्रंथ लिहिणारा माणूस काही सेकंदांच्या सुरावटीत बंद होतो.

कॉफमन यांचा जन्म 1907 चा, कार्ल्सबाडमधल्या ज्यू कुटुंबातला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं. घरची भाषा जर्मन. बर्लिनमध्ये रचनाशास्त्र शिकले फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे आणि संगीतशास्त्र कुर्ट झाक्स यांच्याकडे. झाक्स म्हणजे जगभरच्या वाद्यांचं आज वापरलं जाणारं वर्गीकरण ज्या दोघांनी केलं, त्यांपैकी एक. भारतीय वाद्यांवरही त्यांचं स्वतंत्र पुस्तक होतं. त्यामुळे कॉफमन मुंबईत उतरले ते ‘पूर्वेच्या गूढ संगीता’ने भारावून नव्हे, तयारीनिशी. श्रेकर आणि झाक्स दोघेही ज्यू वंशाचे. 1933 पर्यंत दोघांचीही पदं गेली होती. प्राग विद्यापीठात कॉफमन यांचं डॉक्टरेटचं काम झालं होतं, पण आपले मार्गदर्शक नाझी चळवळीत आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायचंच नाकारलं.

1934 मध्ये ते मुंबईला आले. भारताचा व्हिसा त्यांना सहज मिळण्यासारखा होता, आणि चित्रपटनिर्माते मोहन भवनानींशी ओळख होती. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. पण लाखो लोकांना जे आवडतं ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्यात आहे, असं त्यांनी धरलं. त्या काळातल्या युरोपीय संगीतकाराकडून हे येणं सोपं नव्हतं.

आल्याबरोबर त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील), चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी बैठक व्हायची आणि मे 1937 पर्यंत असे 136 कार्यक्रम झाले. ऑर्केस्ट्रा जमवायला पन्नास-साठ माणसं लागतात, त्रिकूटाला तीन. परक्या शहरात पाश्चात्त्य संगीत नियमित चालू ठेवायचं तर हाच हिशेब परवडतो. पुढे रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख म्हणून ते 1946 पर्यंत राहिले.

आता धुनेकडे. ती शिवरंजनी रागाची: सा, रे, कोमल ग, प, ध. भूप रागातला गंधार (ग) कोमल केला की हेच स्वर मिळतात. रागाची निवड किती हुशारीची आहे ते पाश्चात्त्य रचनाकाराच्या बाजूने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सा-ग-प हा त्याच्या ओळखीचा मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारा तीन स्वरांचा गुच्छ), म्हणजे व्हायोलिन आणि चेलो तिथे घरच्यासारखे बसतात. पण मध्यम (म) नाही, निषादही (नी) नाही. पाश्चात्त्य स्वरसंवादात वाक्य पुरं होतं ते बहुधा शुद्ध निषादाच्या षड्जाकडे जाणाऱ्या ओढीने. ती ओढच इथे नसल्याने कॉर्ड बदलत पुढे जाण्याची सक्ती उरत नाही, आणि खाली तंबोरा सुखाने वाजत राहू शकतो.

रागावर ‘हार्मनी चढवणाऱ्यां’ची, म्हणजे चालीखाली कॉर्ड घालणाऱ्यांची गाडी नेमकी इथे घसरते. शेवट पक्का वाटावा म्हणून शुद्ध नी आणला, जोडीला कॉर्ड भरायला मध्यम घेतला, की सूर पटदीप रागाच्या घरात शिरतात. कोमल नी घेतला तर काफी रागाकडे. दोन्ही वाटांनी शिवरंजनी गेलीच. कॉफमन यांनी चाल व्हायोलिनकडे दिली आणि आधार तंबोऱ्याकडे ठेवला. पडद्यांचं वाद्य नसल्याने मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) व्हायोलिनवर सहज निघते. पियानोवर तीच चाल वाजवून पाहा, कोरडी लागते.

1938 मध्ये मुंबई रेडिओवरून त्यांचा ‘अनसूया’ हा रेडिओ-ऑपेरा (रेडिओसाठीचं संगीतनाटक) झाला.   कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची भाची. तिची आई एली, काफ्काची बहीण, 1941 मध्ये पोलंडमधल्या लॉड्झच्या गेटोत (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) पाठवली गेली आणि परतली नाही. मुंबईतल्या गुरुवारच्या मैफिलींकडे बघताना ही तारीख शेजारी ठेवावी लागते.

1946 मध्ये लंडन, मग कॅनडात हॅलिफॅक्स, तिथून विनिपेग. विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राची घडी त्यांनी बसवली. 1957 मध्ये ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 1984 मध्ये तिथेच वारले.

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम 1968 चं, उत्तर भारतीय रागांवरचं पुस्तक. मांडणी भातखंड्यांच्या दहा थाटांची (रागांच्या गटांची), लेखन पाच रेषांच्या स्टाफवर, षड्ज कायम पाश्चात्त्य ‘सी’वर. आरोह-अवरोह देऊन ते थांबत नाहीत. रागाची ओळखीची स्वरवाक्यं लिहून दाखवतात. आपल्याकडच्या वाचकाने एक पथ्य पाळावं: कोमल गंधार तिथे ‘ई फ्लॅट’ म्हणून छापलेला दिसेल, पण दरबारी रागाचा आंदोलित (हलता) गंधार त्या ठिपक्यात मावत नाही. राग आधी कानाने ऐकून मग पान उघडलं तर पुस्तक भरभरून देतं. उलट क्रमाने गेलात तर हाती नुसते स्वर लागतील. दक्षिणेच्या रागांवरचं पुस्तक 1976 चं.

रचना ऐकायच्या तर टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकगटाची 2020 ची ध्वनिमुद्रिका आहे. त्यात अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) आणि दुसरा व्हायोलिन सोनाटा आहे. बाकीच्या पुष्कळ रचना वाजत नाहीत, त्याचं कारण अगदी व्यवहारातलं. त्यांची कागदपत्रं इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत, पण हस्तलिखितावरून थेट तालीम होत नाही. आधी स्कोअर तपासून टंकित करावा लागतो, मग प्रत्येक वादकाचा पार्ट वेगळा काढावा लागतो, आणि हस्ताक्षरातला फ्लॅट (कोमल स्वराची खूण) सुटला की चूक सापडते ती थेट तालमीत. छापील बीथोव्हन शेल्फवर तयार असताना एवढा खर्च करायला वाद्यवृंद सहसा धजावत नाहीत.