लोणचं वाढायला गेलो आणि ताटच उचललं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी महापेला एका इंटरनेट कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या खोलीत आहे, कंपनीचं नाव सोडा. नाइट शिफ्ट होती, ट्रान्स हार्बर नेहमीप्रमाणे रखडलेली, कोपरखैरणेला उतरलो तर पावसात एकही रिक्षावाला महापेला यायला तयार नाही, शेवटी अर्धा भिजून पावणेअकराला पोचलो तेव्हा सेकंड शिफ्टवाला तोंड पाडून बॅग पाठीला लावून उभाच होता. म्हणला एकच काम पेंडिंग आहे, पाच मिनिटांचं आहे, आणि गेला.

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. आमच्या ज्युनिपर कंपनीच्या राउटरवर पीअर लोकांचा, म्हणजे ज्या कंपन्यांशी आम्ही थेट ट्रॅफिक देतो-घेतो त्यांचा, एक बीजीपी ग्रुप आहे, त्यात १४ नेबर. बीजीपी म्हणजे राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती भाषा. नेबर म्हणजे दुसऱ्या कंपनीचा राउटर, आपला आणि त्याचा टीसीपीच्या १७९ पोर्टवर संवाद चालू असतो, अमुक अ‍ॅड्रेस माझ्याकडे आहेत, तमुक तुझ्याकडे आहेत. आता १४ जणांना तेच तेच नियम १४ वेळा कोण लिहिणार, म्हणून ग्रुप. नियम ग्रुपवर लिहायचे, खालचे सगळे ते वारशाने घेतात. आमच्या ग्रुपला एक एक्स्पोर्ट पॉलिसी होती, त्यात आमचे आणि आमच्या कस्टमरांचे रूट (त्या अ‍ॅड्रेसकडे येण्याच्या वाटा) बाहेर जाऊ द्यायचे आणि सगळ्यात शेवटी बाकी सगळं रिजेक्ट. हे शेवटचं रिजेक्ट लक्षात ठेवा.

तर या १४ पैकी एका पीअरकडून येणारा ट्रॅफिक रोज रात्री आमचं महापेचं दहा जीचं (दहा गिगाबिटचं) पोर्ट गच्च भरत होता आणि ऐरोलीची लिंक निवांत पडून. उपाय साधा, महापेच्या सेशनवर (तिथल्या चालू संवादावर) त्याला आपले रूट पाठवताना आपलाच एएस नंबर, म्हणजे आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, जास्तीचा दोनदा जोडायचा, वाट लांबची दिसली की तो आपोआप ऐरोलीने येतो. याला प्रीपेंड म्हणतात. मी छोटी पॉलिसी लिहिली, अट बिट काही नाही, फक्त प्रीपेंड कर. आणि त्या एका नेबरच्या खाली एक्स्पोर्ट म्हणून लावली. माझ्या डोक्यात हिशोब असा की ग्रुपची गाळणी, म्हणजे ती एक्स्पोर्ट पॉलिसी, तर आहेच, तिच्यावर हे एक जास्तीचं. डब्यात वरून लोणच्याची फोड.

कमिट म्हणजे बदल लागू करणं, त्याच्या आधी शो पाइप कंपेअर मारलं, म्हणजे काय बदललं ते दाखवतं. अधिक चिन्हाच्या ओळी आल्या, नवी पॉलिसी आणि नेबरखाली तिचं नाव. वजा चिन्ह एकही नाही. काहीच काढलेलं नाही ना, मग भ्यायचं काय. आमच्याकडे पद्धत आहे कमिट कन्फर्म्ड करायची, ठरलेल्या वेळात परत कमिट केलं नाही तर राउटर स्वतःच मागे जातो. मी साधं कमिट मारलं. एवढ्याशा बदलाला काय कन्फर्म करायचं, असं वाटलं, आणि हे मी पोरांना करू नका म्हणून सांगत असतो.

चहाचा कप तोंडाला लावला नाही तोच स्क्रीनवर तो नेबर लाल. लॉगमध्ये नोटिफिकेशन, सीझ म्हणजे संवाद बंद, कमाल प्रीफिक्सची (रूटची) मर्यादा ओलांडली. मला आधी वाटलं त्यांच्याकडे काहीतरी गंडलंय. आमचे रूट ते किती, कस्टमर धरून तीनशेच्या आतबाहेर, मर्यादा कशी ओलांडेल. तेवढ्यात फोन. पलीकडे त्यांच्या नॉकचा माणूस, आवाजावरून आपल्याच इकडचा,

"काय हो साहेब, अख्खं इंटरनेट पाठवताय का आम्हाला?"

मी म्हणलं नाही हो, आम्ही तर प्रीपेंड लावला फक्त.

"लावलाय की. तुमचा एएस तीन तीन वेळा दिसतोय. पण गूगलच्या रूटवर पण दिसतोय, कुणाकुणाच्या रूटवर दिसतोय, आमची लिमिट हजाराची, धडाधड भरली आणि सेशन पडलं."

पोटात गोळा आला. शेजारी आमचा ज्युनिअर बसला होता, त्याला कळू न देता शो बीजीपी नेबर मारलं. त्या आउटपुटमध्ये एक ओळ असते जी मी आयुष्यात हजार वेळा नजरेआड केली असेल, एक्स्पोर्ट, आणि पुढे चौकटी कंसात पॉलिसींची नावं. ग्रुपमधल्या बाकी तेरा जणांकडे तिथे गाळणीचं नाव होतं. याच्याकडे फक्त माझी प्रीपेंडवाली. गाळणी नाहीच.

म्हणजे जुनॉसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरची सिस्टिम) वारसा असा चालतो की सगळ्यात वर बीजीपी, मग ग्रुप, मग नेबर, आणि एखादी गोष्ट खाली लिहिली की वरची ती गोष्ट त्याच्यापुरती गेली. होल्ड टाइमसारखं (किती सेकंद शांतता झाली की नेबर गेला समजायचं) एकच आकड्याचं सेटिंग असेल तर यात कुणाला काही वावगं वाटत नाही, ग्रुपला ९० आणि नेबरला ३० लिहिलं तर ३० चालणार, पोरालाही कळतं. पण पॉलिसी ही यादी आहे, आणि यादीत भर पडत नाही, अख्खी यादीच बदलली जाते. मी लोणचं वाढायला गेलो आणि पोळीभाजीचं ताटच उचललं गेलं. आणि वरून माझ्या पॉलिसीत कुठे रिजेक्ट नाही, त्यामुळे शेवटी बीजीपीचा डिफॉल्ट लागला, आणि डिफॉल्ट असं की चालू असलेले सगळे बीजीपी रूट पुढे पाठव. आमच्या राउटरवर अपस्ट्रीमकडून (ज्याच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो) आलेलं फुल टेबल, म्हणजे अख्ख्या इंटरनेटचे नऊ लाखांच्या वर रूट, ते सगळं निघालं त्यांच्याकडे. त्यांची मर्यादा नसती तर त्यांचा जगभरचा ट्रॅफिक आमच्या त्या आधीच गच्च भरलेल्या दहा जीच्या पोर्टात घुसायला बघितला असता. तसा प्रीपेंडमुळे वाट लांबची दिसली असती म्हणून थोडा कमी घुसला असता, एवढंच काय ते पुण्य.

कंपेअरमध्ये वजा चिन्ह का नव्हतं तेही आता कळलं. ग्रुपमधली ओळ जागेवरच होती की. फक्त त्या नेबरला ती लागू नव्हती, आणि लागू काय आहे ते कंपेअर सांगत नाही, ते फक्त लिहिलेलं काय ते सांगतं.

माझी अक्कल तिथे का गेली याचं कारण पण आहे, सबब म्हणा हवं तर. मी आधी सहा वर्षं जुन्या सिस्को राउटरांवर काढली. तिथल्या पीअर ग्रुपचा जन्मच मुळात राउटरची मेहनत वाचवायला झालेला, अपडेट एकदा बनवायचं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना त्याच्याच प्रती वाटायच्या. म्हणून ग्रुपमधल्या एकाला वेगळी आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या रूटची) पॉलिसी लावायला गेलं की राउटर लावूच देत नव्हता. इनबाउंड वेगळी चालायची, आउटबाउंड नाही. पुढे अपडेटचे गट राउटर स्वतःच बनवायला लागला, मग टेम्प्लेट आले, नियम सैल झाले, पण माझ्या हाताला सवय तीच, की ग्रुपची बाहेर जाणारी गाळणी कुणाच्या बापाला निघत नाही. ज्युनिपरवर निघते, आणि आवाजही करत नाही. सिस्कोच्याच आयओएस एक्सआर सिस्टिममध्ये बरं आहे, तिथे नेबरचं कॉन्फिगरेशन मागितलं की प्रत्येक सेटिंगपुढे ते कुठल्या ग्रुपकडून आलंय ते लिहून येतं. ज्याने ते केलं त्याला माझ्याकडून मामलेदारची मिसळ.

दुरुस्ती दोन मिनिटांची. नेबरखाली दोन्ही पॉलिसी लिहिल्या, आधी प्रीपेंड मग गाळणी, या क्रमानेच, कारण प्रीपेंडवाली कुणाला स्वीकारत किंवा नाकारत नाही, नुसता शिक्का मारून पुढच्या पॉलिसीकडे सोडते आणि निकाल गाळणी देते. उलट लिहिलं असतं तर गाळणीनेच निकाल लावून टाकला असता आणि प्रीपेंडपर्यंत कुणी पोचलंच नसतं. यावेळी कमिट कन्फर्म्ड, पाच मिनिटं. पण सेशन काही वर येईना. त्यांच्या राउटरवर मर्यादा ओलांडली की हाताने क्लिअर करेपर्यंत बंदच ठेवतात, आणि बरोबर आहे त्यांचं. परत फोन केला, सॉरी म्हणलं, तो म्हणला आधी लिहून पाठवा किती रूट पाठवणार आहात. लिहून पाठवलं. पाऊण तास थांबवलं त्याने मला. मीही थांबवला असता.

खरी झोप उडाली ती नंतर. मेल लिहून झाल्यावर, तीन सव्वातीन झाले असतील, सहज वाटलं की एक्स्पोर्टचं असं तर इम्पोर्टचं (आत येणाऱ्या रूटचं) पण असंच. ज्युनिअरला सांगितलं सगळ्या नेबरांची इम्पोर्टची ओळ काढून दे. त्याने काढली आणि म्हणला, "सर, तीन जणांचं वेगळं आहे."

ग्रुपच्या इम्पोर्टला आम्ही बरंच काही लावून ठेवलंय. १० ने सुरू होणारे खाजगी अ‍ॅड्रेस नको, डिफॉल्ट रूट नको, स्लॅश २४ पेक्षा (२५६ अ‍ॅड्रेसपेक्षा) बारीक तुकडे नको, आणि मागच्या वर्षी आरपीकेआय इनव्हॅलिड (ज्या रूटचा उगम अधिकृत नोंदीशी जुळत नाही ते) नको हेही घातलं, मोठ्या उत्साहात, प्रेझेंटेशन वगैरे करून, सगळ्या पीअरांवर लागू झालं म्हणून साहेबांनी वरपर्यंत कळवलं. आणि या तिघांवर कुणीतरी केव्हातरी लोकल प्रेफरन्स (कुठली वाट आधी धरायची तो आकडा) वाढवायला नेबरखाली एक छोटी इम्पोर्ट पॉलिसी लावलेली. बस. त्या तिघांकडून जे येईल ते घरात, चप्पल घालून. ग्रुपवर आम्ही काय काय सुधारणा करत बसलो त्यातली एकही त्यांच्यापर्यंत गेली नाही आणि कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायला काही बंदच पडलं नव्हतं.

सव्वासहाला साहेबांना उठवलं. ते घोडबंदर रोडला राहतात, नुकतेच जागे झालेले, सगळं ऐकून दोन क्षण गप्प, मग म्हणले, "तिन्ही एकदम नको करूस रे, एक एक कर, मी लाइनवर आहे." पहिल्याला लोकल प्रेफरन्सच्या मागे ग्रुपची गाळणी जोडली, काही नाही, एकही रूट गळाला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला कमिट केलं आणि ४१ रूट हिडन झाले, म्हणजे गाळले गेले. ज्युनिअरने यादी उघडली, बहुतेक इनव्हॅलिड, काही स्लॅश २५ चे तुकडे, आणि मध्येच एक १० ने सुरू होणारा, म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसातला आतला लॅन आमच्या राउटरवर पाहुणा म्हणून राहत होता. त्या रूटच्या वयाच्या जागी ४३ आठवडे.

"काय आलं?" साहेब फोनवर विचारत होते. मी म्हणलं सर, तुम्ही आधी चहा घ्या.