सुरीत तोंड बघणारे

धार लावणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एकांना धार आरशासारखी लागते, म्हणजे आधी 1000 नंबरचा दगड, मग 3000, मग 6000, वर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून घासायचं आणि शेवटी हवेत कागद धरून तो सर्रकन कापून दाखवायचा. दुसऱ्यांना एवढा वेळ नसतो. आमच्या मालवणात बहुतेक सगळे दुसऱ्या तटातले, आणि ते आळसामुळे असं माझ्या आतेभावाचं मत आहे. मला नाही पटत.

आतेभाऊ पुण्याहून येताना जपानी सुरी घेऊन येतो, टॉवेलात गुंडाळून. पातं खरंच देखणं. कांदा असा कापते की डोळ्यांना पत्ता लागत नाही (पेशी कमी चिरडल्या की झोंबणारा वायूही कमी सुटतो, त्यामुळे हे नुसतं कौतुक नाहीये हं). पहिल्या दिवशी टोमॅटोही मस्त कापते. पण जरा वापर झाला की ती सालीवरून घसरायला लागते, दाबलं की टोमॅटो आधी चेपतो, मग कापला जातो आणि बिया ओट्यावर. आईची विळी मागच्या दारच्या काळ्या दगडावर पाणी मारून घासलेली, ती मात्र सालीत टेकल्या टेकल्या रुतते.

कारण साधं आहे. कुठलीही धार भिंगाखाली करवतच असते, दगडाचा कण मोठा तर दात मोठे. 1000 च्या जपानी दगडाचा कण साधारण 11 ते 15 मायक्रॉन, 6000 चा 2 च्या आसपास, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अंगठा हलकेच धारेला आडवा फिरवला (आडवा बरं का, लांबीवरून नाही) की खरखर कळते. ओढून कापायचं असेल तर हे दात कामाला येतात. सरळ दाबून कापायचं तर गुळगुळीतच हवी, म्हणून वस्तरा आणि सुताराची पटाशी चकचकीत. आणि विळीवर तर आपण सगळं ओढूनच कापतो, पातं जागेवर आणि भाजी हलते.

बाजारात सुरमई कापताना बघा एकदा. पायाखाली पाट दाबलेला, दोन्ही हातांत मासा, बुळबुळीत कातडी पात्यावर पुढे-मागे ओढली की तुकडी पडते, मधला काटा आला की वरून एक दणका. मध्येच मावशी दगडाचा चपटा तुकडा उचलते, बादलीतल्या पाण्यात बुडवते, दोन्ही बाजूंनी खस्सखस्स फिरवते आणि परत कामाला. आतेभावाने तिला पॉलिशबद्दल सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "झिला, तेच्यात काय तोंड बघूचा आसा?"

भातकापणीचंही तेच. भाताच्या काडीत सिलिका भरपूर, साधी धार लवकर बोथट होते, म्हणून दातेरी वैभव विळा वापरतात, त्याला सारखी धार लावत बसावं लागत नाही.

पण खरखरीत म्हणजे कशीही ओरबाडलेली नव्हे. घासताना धारेच्या पलीकडे पातळ पत्र्यासारखी कोर वळते, ती काढली नाही तर सुरी पहिल्या भाजीला भारी वाटते आणि दुसऱ्याला कोर दुमडून ढिम्म. दारावर ग्राइंडर घेऊन येतात त्यांच्याकडे तर मी सुरी देतच नाही, ठिणग्या उडतात, पातं निळं पडतं आणि पोलादाचं पाणी (म्हणजे कडकपणा) उतरलं की मग कुठलाही दगड घ्या, धार टिकत नाही.

मी आपला 1000 वर थांबतो, पट्ट्यावर एक हलका हात, बास.

त्यात पावसाळ्यात इथली खारट हवा. साधी लोखंडी सुरी रात्री ओली राहिली की सकाळी तांबूस, आणि गंज आधी धारच खातो कारण तिथे लोखंड सगळ्यात पातळ, मग 6000 पर्यंतची सगळी मेहनत गेली की पाण्यात. पुसून खोबरेलाचं बोट फिरवलं की झालं. आतेभाऊ मात्र त्यासाठी जपानी कॅमेलिया तेलाची छोटीशी महाग बाटली मागवतो, माडांच्या गावात येऊन, आणि ती आमच्याच खोबरेलाच्या बरणीशेजारी ठेवतो.