डब्यातली बासुंदी

४८ तास इनक्युबेटरमध्ये राहिलेल्या प्लेट्स मी सकाळी बाहेर काढल्या, तर त्या कोऱ्या होत्या. बेअर्ड-पार्कर अगार हे जंतू वाढवायचं माध्यम आम्ही स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, हा विषबाधेचा जंतू शोधायला वापरतो. त्यात टेल्युराइट हे रसायन असतं आणि अंड्याचा बलक असतो. स्टॅफ असेल तर काळीभोर, चकचकीत कॉलनी, म्हणजे जंतूंचा पुंजका, उगवते आणि तिच्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते कडं लांबूनही ओळखू येतं. त्या सकाळी ते कुठंच नव्हतं. साल्मोनेला या दुसऱ्या जंतूच्या प्लेट्सवरही काही नाही. बॅसिलस सीरियसच्या प्लेटवर दोन-चार कॉलनी होत्या, पण तेवढ्या कुठल्याही उकळलेल्या दुधात सापडतात. त्यांचे बीजाणू उकळण्याला दाद देत नाहीत.

आणि ज्या बासुंदीच्या या प्लेट्स होत्या, ती खाऊन दोनशेच्या आसपास माणसं दवाखान्यात गेली होती.

हनुमान जयंतीचा सप्ताह. काल्याचं कीर्तन झालं, साडेबाराच्या सुमारास महाप्रसादाच्या पंगती बसल्या. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, बासुंदी. अडीचला पहिल्या उलट्या सुरू झाल्या, चारपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर सतरंज्या टाकून सलाइन लावायची वेळ आली. लहान मुलांचे हाल जास्त. सुदैवानं कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे घरी गेले.

तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी फार मानते. एवढ्या धावपळीतही त्यांनी दोन परिचारिकांना वही घेऊन बसवलं होतं आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले होते: काय खाल्लं, किती वाजता, पहिली उलटी कधी, ताप आहे का. त्यांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ताप जवळजवळ कुणालाच नाही. दोन ते चार तासांत उलट्या. आणि साखरेचा त्रास असलेली म्हातारी मंडळी ठणठणीत आहेत, कारण त्यांनी बासुंदीला हात लावला नव्हता." एवढ्यावरच निम्मं निदान होत होतं. साल्मोनेला इतक्या लवकर उलट्या आणत नाही, त्याला बारा-चोवीस तास लागतात, आणि तो ताप घेऊन येतो. दोन-चार तासांत, तापाशिवाय, उलट्याच उलट्या म्हणजे अन्नात विष आधीच तयार होऊन बसलेलं होतं. पोटात जाऊन जंतूंनी काही करण्याआधीच माणूस आजारी पडला.

पण "विष" हा शब्द गावात वेगळ्याच अर्थानं फिरत होता. सप्ताहावरून तिथं दोन भावक्यांत जुनी धुसफुस होती. आदल्या रात्री दुसऱ्या भावकीतला एक तरुण मांडवाच्या मागं, भट्टीजवळ उभा असलेला कुणीतरी पाहिला होता. कीटकनाशक कालवलं, असं पंगतीतले लोक छातीठोकपणे सांगू लागले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या होत्या. शेतातल्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो. यातलं काहीच कुणात नव्हतं. पण मांडवात हे कोण ऐकणार? तो तरुण पोलीस ठाण्यात चौकशीला बसून होता आणि त्याच्या घरावर दगड पडले होते.

अशा वेळी "रोगजंतू आढळले नाहीत" एवढंच लिहून मी कागद पाठवला असता तर तो कागद गावात कसा वाचला गेला असता, ते सांगायला नको. रीतसर नमुने सरकारी प्रयोगशाळेत गेले होतेच. विषद्रव्यांवरचं काम आमच्याकडे चालतं म्हणून डॉक्टरांनी एक वाटा आमच्याकडे पाठवला होता. तोही मोठ्या नशिबानं मिळालेला. आरोग्य पथक पोहोचलं तोवर पातेली घासून-पुसून पालथी पडली होती. आपल्याकडे नेहमी असंच होतं; चांगल्या मनानं केलेली स्वच्छता आमचा पुरावा धुऊन नेते. पण एका बाईंनी माहेरी येणाऱ्या लेकीसाठी स्टीलच्या डब्यात बासुंदी काढून फ्रीजमध्ये ठेवली होती. सगळी भिस्त त्या डब्यावर.

मी आचाऱ्याला फोन लावला. पन्नाशीतला माणूस, आयुष्य पंगती उठवण्यात गेलेलं. आवाज थरथरत होता. "ताई, दूध नासलं नव्हतं हो. मी स्वतः चाखलं. आणि सकाळी परत खळखळून उकळी काढली, दहा-पंधरा मिनिटं. मग त्यात काय जिवंत राहणार?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो त्याच्या या प्रश्नानं. जिवंत काहीच राहणार नव्हतं. म्हणूनच प्लेट कोरी होती.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तसा नाजूक. उकळी सोडाच, ७० अंशांनाही तो मिनिटभरात मरतो. पण मरण्याआधी तो अन्नात जे एन्टरोटॉक्सिन, म्हणजे पोटाला बाधणारं विष, सोडून ठेवतो, ते प्रथिन विलक्षण चिवट आहे. १०० अंशांना अर्धा तास उकळलं तरी ते पुरतं निकामी होत नाही. पोटातलं आम्लही त्याला पचवू शकत नाही. आणि मात्रा किती लागते? मायक्रोग्रॅमचा अंश. २००० साली जपानमध्ये ओसाका भागात स्नो ब्रँड कंपनीचं दूध पिऊन १३ हजारांहून जास्त लोक आजारी पडले, त्याचं मूळ असंच निघालं. होक्काइदोतल्या कारखान्यात काही तास वीज गेली, दूध कोमट पडून राहिलं, त्यात स्टॅफ वाढला. पुढं त्याची भुकटी झाली, पाश्चरीकरण झालं, जंतू मेले. विष तसंच राहिलं. दर माणशी मात्रा शंभर नॅनोग्रॅमच्या आत होती.

आचाऱ्याकडून मी आदल्या दिवसाचं सगळं तपशिलात काढून घेतलं. दीडशे लिटर दूध दुपारी आटवायला घेतलं, चारला भट्टीवरून उतरवलं. सकाळी भट्ट्या पुऱ्यांना आणि भाताला लागणार म्हणून गोड पदार्थ आदल्या दिवशीच करायचा, ही त्यांची नेहमीची रीत. तीन मोठी पातेली, वर मलमलचं फडकं. रात्री दहाला कीर्तन सुटल्यावर बासुंदी बोट बुडेल इतकी कोमट झाली, तेव्हा काजू-बदामाचे काप, चारोळी, वेलची-जायफळ घातलं. कडेला धरलेली साय कोणी मोडली? "हातानंच मोडतात ताई, डावानं ती फुटत नाही." मग झाकणं घातली. चैत्रातली रात्र, फ्रीज कुठला? पहाटे साडेसहाला परत उकळी.

रात्री दहा ते पहाटे साडेसहा. एवढं साखरेचं, दाट दूध झाकलेल्या पातेल्यात फार हळू निवतं. म्हणजे रात्रभर ते पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास राहिलं असणार, आणि स्टॅफला सगळ्यात मानवतं ते ३७. इतर जंतूंची गर्दी असेल तर स्टॅफ मागं पडतो, पण इथं आटवण्यात बाकीचे मेलेले, मैदान मोकळं. साखरेचंही त्याला वावडं नाही. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट धरली तर एका ग्रॅममधले शंभर जंतू पाच तासांत एक लाखावर जातात. विष जाणवण्याइतकं तयार व्हायला साधारण एवढी संख्या लागते. पुढचे तीन-साडेतीन तास अजून शिल्लकच होते. या सगळ्यात दूध फाटत नाही, आंबत नाही, वास येत नाही. आचाऱ्यानं चाखलं तेव्हा ती उत्तमच लागली असणार.

हे झालं अनुमान. मला पुरावा हवा होता, आणि तो त्या दिवशीच हवा होता.

पहिली गोष्ट अगदी जुन्या पद्धतीची केली. बासुंदीचा पातळ थर काचपट्टीवर ओढला, झायलीननं स्निग्धांश धुऊन काढला, कारण दुधाची चरबी राहिली तर काही दिसतच नाही, आणि ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून रंगवले. मेलेला जंतू प्लेटवर उगवत नाही, पण त्याचं कलेवर लगेच नाहीसं होत नाही. शंभराच्या लेन्सखाली तेल टाकून फोकस जुळवला. जांभळे गोल कण, द्राक्षांच्या घोसासारखे, एका क्षेत्रात, शेजारच्या क्षेत्रात, त्याच्या पलीकडे. सगळीकडे. मी माझ्या विद्यार्थिनीला हाक मारली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, एवढे?" एवढे दिसायला एका ग्रॅममध्ये किमान काही लाख असावे लागतात.

दिसणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. घोस करून राहणारे निरुपद्रवी भाईबंदही असतात. म्हणून दुसरी चाचणी. स्टॅफ ऑरियस न्यूक्लिएज नावाचं एक विकर सोडतो, डीएनए तोडणारं. तेही उकळून मरत नाही. बासुंदीतून अर्क काढून आम्ही तो मुद्दाम पंधरा मिनिटं उकळला आणि टोल्युडीन ब्लू घातलेल्या डीएनए अगारच्या खळग्यांत भरला. निळ्या प्लेटवर जिथं डीएनए तुटतं तिथं गुलाबी कडं येतं. त्याला चार तास लागतात. दरम्यान एलायझा, म्हणजे प्रतिद्रव्यांच्या मदतीनं विष ओळखणारी चाचणी लावली, एन्टरोटॉक्सिनच्या ए ते ई प्रकारांसाठी. या चाचणीची मला धास्ती होती. उकळलेल्या अन्नातलं विष कधी कधी आकार बदलतं, चाचणीतली प्रतिद्रव्यं त्याला ओळखत नाहीत, आणि पोटाला मात्र ते बरोबर ओळख देतं. शिवाय स्टॅफचं प्रोटीन ए नावाचं प्रथिन खोटा होकार देऊ शकतं, म्हणून तुलनेसाठी साध्या सशाच्या सिरमचा कंट्रोल आणि बाजारातून आणलेल्या बासुंदीचा कंट्रोल, दोन्ही सोबत लावले. घाईच्या दिवशी सगळ्यात आधी कंट्रोलवरच काट मारायचा मोह होतो. पण त्यांच्याशिवाय या आकड्याला काडीची किंमत नसते, आणि इथं तर एका माणसाची सुटका त्यावर अडली होती.

दुपारी तालुक्याहून दोनदा फोन आला. अहवाल काय म्हणतो? प्लेटवर काय आलं ते त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. "जंतू नाहीत ना, मग औषधच असणार." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत काहीही लिहू नका.

चारच्या सुमारास खळग्यांभोवती गुलाबी कडी धरली. बाजारच्या बासुंदीचा खळगा निळाच. सहाच्या आसपास एलायझाच्या ए प्रकाराच्या खळग्यात रंग चढला, बी ते ई स्वच्छ, दोन्ही कंट्रोल स्वच्छ. एन्टरोटॉक्सिन ए, जगभरच्या अशा विषबाधांत सगळ्यात जास्त सापडणारं. रात्री बासुंदीतल्या मृत जंतूंच्या डीएनएवर पीसीआर ही जनुक शोधणारी चाचणी केली, त्यातही ए प्रकाराच्या जनुकाचा पट्टा आला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ठाण्यात. रसायनांच्या तपासणीत कीटकनाशक आढळलं नसल्याचं नंतर कळवण्यात आलं, पण तो तरुण त्याच रात्री घरी गेला होता.

वास्तविक हे सगळं शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. फिलिपाइन्समध्ये एम. ए. बार्बर या शास्त्रज्ञानं १९१४ सालीच दाखवून दिलं होतं, तेही स्वतः दूध पिऊन. वरून निरोगी दिसणाऱ्या एका गाईचं दूध ताजं प्यायलं तर काही होत नसे. तेच काही तास तसंच ठेवून प्यायलं की उलट्या. तरी आजही आपल्या घराघरांत आणि मांडवामांडवांत शंका आली की एकच उपाय सांगितला जातो, एक उकळी काढा. आपल्या हवेत, आपल्या गोड पदार्थांच्या चालीरीतींत हा समज फार महागात पडतो, आणि शाळेच्या पुस्तकात उकळण्याचे फायदे शिकवताना ही बाजू कुणी सांगत नाही याचा मला खरोखर राग येतो.

एक गोष्ट उरली होती. आरोग्य पथकानं स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातांचे, नाकांचे स्वॅब घेतले होते. साय मोडणाऱ्या मदतनीस मुलाच्या बोटाला नखुरडं झालं होतं, त्यावर नुसती चिंधी बांधलेली. त्याच्या स्वॅबमध्ये स्टॅफ ऑरियस सापडला आणि त्यातही ए प्रकाराचं जनुक होतं. लगेच विचारणा झाली, अहवालात त्याचं नाव घालणार ना? मी घातलं नाही. धडधाकट माणसांपैकी साधारण दर तीन-चार जणांमागं एकाच्या नाकात हा जंतू राहतो, ए प्रकार त्यातही अनेकांकडे असतो, आणि एवढ्या जुळण्यावरून तोच जंतू म्हणणं विज्ञानाला धरून नाही. समजा तोच असला, तरी त्याच्या बोटावरचे जंतू पातेल्यात पडले असतील काही शेकडा. लाखो झाले ते रात्रभर कोमट ठेवल्यामुळे. एका दगडफेकीतून गाव नुकतंच सावरत होतं. अहवालात मी तापमान आणि वेळ लिहिली, जखम झालेल्या हातानं अन्न हाताळू नये असं लिहिलं, आणि त्या मुलावर डॉक्टरांनी उपचार करावेत असं वेगळ्या पत्रात कळवलं.

काही दिवसांनी आचाऱ्याचा फोन आला. "ताई, मग बासुंदी करायचीच नाही का?"

करायची, मी म्हटलं. साठ अंशांच्या वर गरम ठेवा नाहीतर लगेच थंड करा, मधे ठेवू नका. आदल्या दिवशी करायचीच असेल तर उथळ परातींत वाटून बर्फावर ठेवा आणि तिथून थेट फ्रीजमध्ये. सुका मेवा उकळत्या बासुंदीतच घाला, हात आत नको.

तो थोडा वेळ हिशेब करत राहिला. "एवढा बर्फ आणि एवढ्या पराती खेड्यात मिळायच्या नाहीत," तो म्हणाला. "पहाटे तीनलाच वेगळी भट्टी लावतो. दोन माणसं जास्त लागतील, त्यांची मजुरी मंडळाकडून मागून घेतो."