आमची वाटचाल : चार डायोड, दोन ट्रान्सफॉर्मर

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून पार्ट गोळा करून आम्ही मॉड्यूलर सिंथचे, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे, मॉड्यूल बनवायला लागलो. पहिला माल रिंग मॉड्युलेटर : सिग्नल आणि कॅरिअर असे दोन सूर एकमेकांत मिसळून नवे सूर काढणारं मॉड्यूल, आत चार डायोडचं कडं आणि दोन ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे काका माझे भागीदार. दोन तारा जोडीनं धरून ते बॉबिन भरायचे, कारण सेंटर टॅपच्या, म्हणजे गुंडाळीच्या मधोमध काढलेल्या जोडाच्या, दोन्ही बाजू सारख्या नसतील तर कॅरिअर गळतो आणि मागे भुणभुण राहते. जर्मेनियम डायोड मी मल्टिमीटरवर जुळवायचो, तेही चिमट्यानं. बोटाची ऊब लागली तरी रीडिंग सरकतं.

मग तो स्पर्धक आला. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला? पॅनेलवर ‘अस्सल डायोड रिंग’, आत डायोडऐवजी एडी६३३ आयसी चिप, किंमत आमच्या निम्मी. आयसीला मी नावं ठेवत नाही; आमचा बॅलन्स्ड मॉड्युलेटर आज त्यावरच चालतो. तो सरळ गुणाकार करतो : कॅरिअर १००० आणि सिग्नल ३०० हर्ट्झ दिला की १३०० आणि ७००, मूळचे दोन्ही गायब. डायोड रिंगही बॅलन्स्डच, म्हणजे मूळचे सूर दाबणारी, पण तिथे कॅरिअर डायोडची उघडझाप करतो, म्हणून कॅरिअरच्या तिपटीच्या दोन बाजूंचे ३३०० आणि २७०० सुद्धा घुसतात. कॅरिअरचा जोर कमी झाला की डायोड उघडतच नाहीत, आवाज तुटतो. हा खरखरीतपणाच तर आम्ही विकत होतो!

विक्रेत्यांनी माल परत पाठवला. गाळ्याचं भाडं थकलं. काकांनी आपला वाटा घ्यायचं बंद केलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तारलं ते सिनेमाचं साउंड करणाऱ्या मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. सगळ्यात मोठ्या विक्रेत्याच्या टेबलावर त्यांनी दोन्ही मॉड्यूल ठेवले. सिग्नलच्या इनपुटला संथ साइन एलएफओ (कानाला ऐकू न येणारी सावकाश लहर), कॅरिअरला ऐकू येणारा सूर. आमच्यातून जवळजवळ काहीच बाहेर आलं नाही, इतकी संथ लहर ट्रान्सफॉर्मर पलीकडे जाऊच देत नाही. त्या ‘अस्सल’मधून मात्र छान ट्रेमोलो (आवाजाचं लहान-मोठं हेलकावणं) आला, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर नाहीच.

तुम्हीही घेताना हीच परीक्षा करा. ट्रेमोलो आणि रिंग एकाच मॉड्यूलमधून हवं असेल तर बिनदिक्कत आयसीचा घ्या, पैसे वाचवा. आणि जुने जर्मेनियम डायोड दिसले की मूठभर जास्तच उचला, चार जुळायला पुष्कळ बाद होतात.

त्या विक्रेत्यानं आमचा माल पुन्हा ठेवला. आधीची उधारी अजून दिलेली नाही.