किवीचा खट स्वभाव

किवी हे फळ बघताक्षणी कुणाला आवडेल असं अजिबात नाही. मातकट रंग, वर लव, वास जवळजवळ नाहीच, बटाट्यांत जाऊन पडला तर कुणी वेगळा काढणार पण नाही. कापला की मात्र गंमत, आत एकदम हिरवागार, मधे पांढरट गाभा आणि भोवती काळ्या बारीक बियांचं कडं. बहुतेक फळं पिकली की हिरवेपणा सोडून देतात, हा पठ्ठ्या पिकला तरी आतलं क्लोरोफिल टिकवून ठेवतो.

पण हल्ली किवी लोक आवडीने खातात कुठे, डोस घेतात. काय तर व्हिटॅमिन सी. आहेच म्हणा भरपूर, १०० ग्रॅम हिरव्या किवीत साधारण ९० मिलिग्रॅम आणि सोनेरी गराच्या किवीत तर दीडशेच्या पुढे, संत्र्यात ५०-५५ असतं, म्हणजे एक-दोन किवीत मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागली. पण त्याहून जास्त खाल्लं तर? शरीर लागेल तेवढं ठेवतं आणि उरलेलं बरंचसं लघवीवाटे बाहेर. आणि सी हवं म्हणूनच खायचं असेल तर पेरू याच्या दुपटीच्या पुढे आहे, त्याला बिचाऱ्याला कुणी सुपरफूड म्हणत नाही. सी चा एक उपयोग मात्र आपण विसरतो, डाळी-पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागायला ते मदत करतं, त्यामुळे किवी जेवणासोबत खाल्लेला चांगला.

मला विचाराल तर किवीची खरी मजा त्याच्या खट स्वभावात आहे. त्यात ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं काम एकच, प्रोटीन दिसलं की तोडायचं. कच्चा किवी दुधात किंवा दह्यात घालून ठेवून बघा, थोड्या वेळाने कडवट लागायला लागतं कारण दुधातल्या प्रोटीनचे तुकडे पडलेले असतात. जिलेटिनच्या जेलीत घातला तर ती सेटच होत नाही, रात्रभर फ्रीजमधे ठेवा नाहीतर आणखी काही करा. मांसाला चोळला तर ते मऊ पडतं. आणि हेच एन्झाइम पोटात गेलं की जड प्रोटीनवालं जेवण फोडायच्या कामाला हातभार लावतं, म्हणजे जेलीची वाट लावणारा तोच आणि पोटाला मदत करणारा पण तोच! शिजवला की मात्र ॲक्टिनिडिनचा खेळ खल्लास, म्हणून जॅममधला किवी एकदम गरीब होऊन जातो.

पोट साफ होण्याचं म्हणाल तर तिथे हा खरंच कामाचा आहे, उगाच हवा नाही. हिरव्या किवीत १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आसपास फायबर, आणि ते पाणी छान धरून ठेवतं, फुगतं, त्यामुळे मल मऊ होतो. रोज दोन किवी देऊन बद्धकोष्ठतेवर बरेच अभ्यास झालेत आणि फरक दिसलाय. सोनेरी गोड असतो पण फायबर त्यात निम्मंच. किवीने झोप चांगली लागते म्हणतात, त्याचं मात्र जरा जपून, २०११ च्या ज्या तैवानमधल्या अभ्यासाचा दाखला सगळीकडे फिरतो त्यात २४ माणसं होती आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. झोपायच्या आधी खायचा तर खा, पण मोबाइल बाजूला ठेवून.

किवी खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ना, ती यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे आणि त्या एन्झाइममुळे. थोडं चुरचुरणं ठीक, पण ओठ सुजले, घसा आवळला, श्वासाला त्रास झाला तर ती ॲलर्जी आहे, तिथे हौस नको, सरळ डॉक्टर. लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, ॲलर्जी असलेल्यांनी तर आधीच सावध राहावं. किडनीचा आजार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी व्हिटॅमिन के मुळे विचारूनच खावा.

बाकी दगडासारखा किवी खाऊन "आंबट आहे" म्हणणाऱ्यांना काय बोलणार, तो तोडतातच कडक असताना. सफरचंद किंवा केळ्यासोबत पिशवीत ठेवला की त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पिकतो, स्टार्चची साखर होते, बोटाने हलकं दाबलं की दबायला लागतो, तेव्हा कापावा. साल पण खाता येते आणि फायबर चांगलंच वाढतं. सोनेरीची साल पातळ, लव जवळजवळ नाहीच, धुवून बिनधास्त खावी. हिरव्याची लव तोंडात घ्यायची हिंमत ज्याची त्याने करावी, मी अर्धा कापून चमच्यानेच खाते.